अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी... डबीवरचं आधी नीट वाचू

खलबत्ता

'शांत झोप', 'ताणमुक्त मन' छापलेल्या डब्या आता औषधांच्या दुकानातून किराण्याच्या दुकानापर्यंत येऊन पोचल्यात. त्यावर 'मला फरक पडला', 'मला नाही पडला' असं बरंच बोलून होतं. म्हणून हा धागा फक्त मोजमापांसाठी ठेवू: कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, किती, कशात, आणि कुठे चुकतं. अनुभवकथन कृपया दुसरीकडे.

सुरुवात अश्वगंधेपासून. सगळ्यात मोठा घोळ इथे होतो, कारण चूर्ण आणि अर्क एकाच नावाने विकले जातात.

चूर्ण म्हणजे वाळवून दळलेलं मूळ, बाकी काही नाही. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात त्याची मात्रा 3 ते 6 ग्रॅम दिलेली आहे. अर्क म्हणजे मुळातला द्रावणात उतरणारा भाग काढून आटवलेला. ताणावरच्या चाचण्यांमध्ये बहुतेक वेळा अर्कच वापरलेला असतो. 5 टक्के विथॅनोलाइड्स (अश्वगंधेतली गुणकारी मानली जाणारी द्रव्यं) असलेला अर्क, 300 मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, साधारण 60 दिवस, ही त्यातली नेहमी दिसणारी मात्रा.

आता हिशोब करा. 300 मि.ग्रॅ. अर्काचे 5 टक्के म्हणजे 15 मि.ग्रॅ. विथॅनोलाइड्स. मुळात ती अर्ध्या टक्क्याहून कमीच भरतात. 0.3 टक्के धरली तर तेवढ्याच 15 मि.ग्रॅ.साठी 5 ग्रॅम चूर्ण लागेल. चहाचा चमचा सपाट भरला तर अडीच-तीन ग्रॅम होतात, म्हणजे जवळजवळ दोन चमचे.

कॅप्सूलवर 'अश्वगंधा 500 मि.ग्रॅ.' एवढंच असेल आणि अर्क, टक्केवारी काहीच नसेल, तर आत साधं चूर्ण आहे असं समजावं. तशी एक कॅप्सूल म्हणजे चिमूटभर चूर्ण. 3 ग्रॅम गाठायला रोज सहा लागतील. चूर्णच घ्यायचं तर सुटं घ्या, कॅप्सूलच्या टोपणाचे पैसे कशाला?

माळरान

छान सुरुवात. मुळाबद्दल थोडी भर घालतो.

अश्वगंधेचा मोठा बाजार मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौर पट्ट्यात. पावसाळा सरता सरता पेरणी, जानेवारी ते मार्चमध्ये खणणी. मुळांची प्रतवारी जाडी, लांबी आणि आतला रंग पाहून होते. वरच्या प्रतीचा तुकडा 7 सें.मी.पर्यंत लांब, एक ते दीड सें.मी. जाड, आतून पांढरा आणि ठिसूळ. सगळ्यात खालच्या प्रतीत बारीक, पोकळ, आतून पिवळट तुकडे येतात. चूर्ण झालं की यातलं काहीच ओळखू येत नाही, म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात अख्खं मूळ मागावं.

घेताना एक तुकडा मोडून बघा. चांगलं वाळलेलं मूळ कट्‌कन तुटतं आणि तुटलेल्या जागी पिठूळ पांढरं दिसतं. वाकलं तर ओल आहे. टाचणीने टोचल्यासारखी भोकं असतील आणि पिशवीच्या तळाशी बारीक भुगा साठला असेल तर कीड लागली आहे, स्वस्त दिलं तरी नको. या मुळात पिष्ट भरपूर, त्यामुळे धान्यासारखीच कीड धरते. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि दीड-दोन महिन्यांना पुरेल एवढंच एका वेळी दळा.

दुसरं म्हणजे पान. परंपरेने वापरतात ते मूळ. पानांत विथाफेरिन-ए (विथॅनोलाइड्सपैकीच एक) जास्त असतं आणि पान मुळापेक्षा स्वस्त, त्यामुळे अर्काची टक्केवारी वाढवायला पान मिसळण्याकडे कल असतो. आयुष मंत्रालयाने 2021 साली उत्पादकांना पानं न वापरण्याची सूचना दिली होती. लेबलवर वनस्पतीच्या शास्त्रीय नावापुढे 'मूळ' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. 'मूळ व पान' किंवा 'पंचांग' (झाडाचे सगळे भाग) असेल तर ती वेगळी वस्तू समजा, वरचं गणित तिला लागू नाही.

गोळीबंद

टक्केवारीबद्दल एक. '10 टक्के विथॅनोलाइड्स' वाचून लगेच 5 टक्केवाल्यापेक्षा दुप्पट चांगला म्हणू नका. मोजायची पद्धत कोणती, ते विचारा. जुन्या वजनी पद्धतीत विथॅनोलाइड नसलेलंही बरंच काही त्या आकड्यात मोजलं जातं. एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पद्धतीत एकेक घटक वेगळा मोजतात, त्यामुळे आकडा लहान पण खरा येतो. वजनी पद्धतीचे 10 टक्के एचपीएलसीवर निम्म्याहून खाली उतरले तरी नवल नाही.

आणि परवाना बघा. आयुर्वेदिक औषध असेल तर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक आणि 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द असतात. पूरक आहार म्हणून विकलेलं असेल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी क्रमांक, आणि ते औषधी वापरासाठी नाही अशी ओळ. दोन्ही कायदेशीरच, पण दुसऱ्या प्रकारच्या डबीवर 'चिंतारोग बरा करते' असं छापलेलं असेल तर तिथेच खाली ठेवा.

सहाण

चूर्ण दुधात उकळलं की तळाला चिकटतं, वर साय आणि खाली गाळ. प्यायचं कसं? कोणी नीट कृती देईल का?

खलबत्ता

@सहाण, चूक चूर्णाच्या बारीकपणात आहे. वस्त्रगाळ चूर्ण दुधात शिजवायचं नसतं, त्याची खळ होते. क्षीरपाकाला, म्हणजे दुधात शिजवून करायच्या काढ्याला, भरड लागते, रव्याएवढी जाड.

शास्त्रातलं प्रमाण असं: औषध 1 भाग, दूध 8 भाग, पाणी 32 भाग, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत शिजवायचं. म्हणजे 5 ग्रॅम भरडीला 40 मि.लि. दूध आणि 160 मि.लि. पाणी. पातेल्यात पाणी-दूध-भरड एकत्र घालून मंद आचेवर, झाकण न ठेवता, मधूनमधून ढवळत. पंचवीस-तीस मिनिटं लागतात. किती आटलं ते कळायला सोपी युक्ती: आधी नुसतं 40 मि.लि. पाणी पातेल्यात ओतून लाकडी चमचा उभा धरा आणि ओल चढली तिथे खूण करा. मग ते ओतून द्या आणि शिजवताना त्या खुणेपाशी थांबा. पातळ फडक्यातून गाळा, चोथा पिळा.

साखर, गूळ, वेलची जे काय ते उतरवल्यावर. गूळ उकळत्या दुधात घातला तर दूध फाटतं, आणि दोष अश्वगंधेला लागतो.

बारीक चूर्णच हाताशी असेल तर शिजवू नका. कोमट दुधात कालवा, आधी चमचाभर तुपात मळून घेतलंत तर गुठळ्या होत नाहीत. जेवणानंतर घ्या. रिकाम्या पोटी मळमळ आणि पातळ शौच या नेहमीच्या तक्रारी, आणि 5 ग्रॅमने सुरुवात केली तर हमखास. पहिला आठवडा 1 ग्रॅम, दुसरा 2, मग पुढे.

कारिवणा

ब्राह्मीवर लिहिते, कारण आपल्याकडे याचा गोंधळ पिढीजात आहे.

ब्राह्मी नावाने दोन पूर्ण वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक नीरब्राह्मी, म्हणजे बॅकोपा मोनिएरी. पाणथळ जागी जमिनीसरशी पसरते. पानं लहान, मांसल, देठाशी निमुळती, समोरासमोर जोडीने. फूल पांढरं किंवा फिकट जांभळट. चावलं की कडू. दुसरी मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका, कोकणात तिला कारिवणा म्हणतात. हिला लांब देठावर एकच गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेने दातेरी पान. नर्सरीत 'ब्राह्मी' म्हणून कुंडी मागितली तर बहुतेक वेळा ही दुसरीच हातात पडते. चटणीला, ताकात वाटून घालायला कारिवणा उत्तम. पण स्मरणशक्ती आणि चिंतेवरच्या ज्या चाचण्यांचा हवाला जाहिरातीत असतो, त्या बहुतेक बॅकोपाच्या अर्कावरच्या आहेत: बॅकोसाइड्सचं (बॅकोपातल्या मुख्य द्रव्यांचं) प्रमाण ठरवलेला अर्क, रोज 300 मि.ग्रॅ., आणि 12 आठवडे. दोन आठवड्यांत 'काहीच होत नाही' म्हणून डबी फेकणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा.

औषधकोशात बॅकोपाच्या चूर्णाची मात्रा 1 ते 3 ग्रॅम. पोटात मुरडा, मळमळ, वारंवार शौचाला जावं लागणं हे हिचे नेहमीचे त्रास. जेवणाबरोबर, तूप असलेल्या घासाबरोबर घेतली तर कमी होतात. ब्राह्मीघृताची, म्हणजे ब्राह्मी घालून सिद्ध केलेल्या तुपाची, परंपरा उगाच नाही.

आणि कुंडीतली असो वा बाजारातली, एक धोका लक्षात ठेवा. बॅकोपा ही पाण्यातले जड धातू शोषून घेणारी वनस्पती आहे, इतकी की दूषित पाणी स्वच्छ करायला तिचा उपयोग अभ्यासला गेलाय. सांडपाण्याच्या कडेला उगवलेली ब्राह्मी तोडून आणू नका. विकत घेताना बॅचचा धातू-तपासणी अहवाल मागा. औषधकोशाची मर्यादा अशी: शिसं 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 भाग प्रति दशलक्ष. चांगले उत्पादक अहवाल देतात. 'आमचं सगळं नैसर्गिक आहे' हे उत्तर आलं तर पुढचा दुकानदार शोधा, शिसंही नैसर्गिकच असतं.

पाटा_वरवंटा

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं 😄

तगराबद्दल कोणी लिहील का? दारात तगर आहे, पांढरी फुलं येतात. त्याचीच मुळी ना?

माळरान

नाही! थांबा, त्याला हात लावू नका.

दारातलं तगर म्हणजे टॅबर्नेमोंटाना, देवपूजेच्या पांढऱ्या फुलांचं, तोडलं की चीक येणारं झुडूप. त्यात अल्कलॉइड्स असतात, ते झोपेचं औषध नव्हे. ग्रंथातलं तगर हिमालयातलं, व्हॅलेरियाना वॉलिची, युरोपातल्या व्हॅलेरियनचं भावंड. नाव एक, झाडं दोन, कुळंही वेगळी.

खऱ्या तगराची मुळी ओळखायला डोळे लागत नाहीत. पुडी उघडली की घामट मोज्यांचा वास येतो. हा आयसोव्हॅलेरिक आम्लाचा वास, मुळी जुनी होईल तसा वाढतो. घरात मांजर असेल तर पुडी कपाटात ठेवा, नाहीतर रात्रभर ती त्या पुडीवर लोळेल. चूर्णाची मात्रा 1 ते 3 ग्रॅम, झोपण्याआधी. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 च्या मार्गदर्शनात निद्रानाशासाठी व्हॅलेरियन सुचवू नये असंच म्हटलंय, पुरावा तोकडा म्हणून.

जटामांसीचा वासही त्याच घराण्यातला, पण जास्त मातकट आणि खोल. मूळ तांबूस-तपकिरी केसांनी लपेटलेलं, हुबेहूब जटा. मात्रा 2 ते 3 ग्रॅम. ही कधीही खळाखळा उकळू नये, कारण गुण सुगंधी तेलात आणि ते वाफेबरोबर जातं. स्वयंपाकघरभर वास सुटला म्हणजे औषध हवेत गेलं, कपात चहाच्या रंगाचं पाणी उरलं. फांट करा: 2 ग्रॅम भरड कपात, वरून उकळतं पाणी, लगेच झाकण, दहा मिनिटांनी गाळून. शास्त्रात फांटाला एकास चार पाणी सांगितलंय, पण 2 ग्रॅमला 8 मि.लि. पाण्यात भरड भिजणारही नाही, अर्धा कप घ्या.

ही वनस्पती 3000 मीटरच्या वर वाढते, मुळासकट उपटली जाते आणि आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे. 1997 पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (CITES) या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट 2 खाली येतो. त्यामुळे भेसळ भरपूर. फार स्वस्त मिळाली तर ती जटामांसी नाही एवढं नक्की. अश्वगंधेने काम भागत असेल तर हिच्या वाटेला न गेलेलंच बरं, हे माझं मत.

आणि मांस्यादि क्वाथ (जटामांसीचा मिश्र काढा) घरी बनवू नका. त्यात खुरासनी ओवा असतो, तो आपल्या ओव्याचा कोणी लागत नाही. या ओव्यात धोत्र्यासारखी द्रव्यं आहेत आणि कायद्यानेही तो विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहे. किराण्यातला ओवा घातला तर क्वाथ निरुपयोगी, खरा घातला आणि मोजायला चुकलात तर तोंड कोरडं, नजर धूसर आणि भ्रम.

गोळीबंद

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. आधीच काही गोळ्या चालू असतील तर:

थायरॉइड. अश्वगंधेने थायरॉइड संप्रेरकं वाढू शकतात. थायरॉक्सिनची गोळी चालू असताना डॉक्टरांना न सांगता सुरू केली की धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. म्हणजे ज्यासाठी घेतली त्याच्या बरोबर उलट. थायरॉइड मुळातच जास्त असेल तर नकोच.

यकृत. 2020 साली आइसलंड आणि अमेरिकेतली मिळून पाच प्रकरणं एकत्र प्रसिद्ध झाली. अश्वगंधा सुरू केल्यावर 2 ते 12 आठवड्यांत कावीळ, सोबत प्रचंड खाज. चौघे बरे झाले, पण काहींना महिने लागले; पाचव्याचा पुढे पाठपुरावा झाला नाही. असं क्वचितच होतं, तरी खूण लक्षात ठेवा: अंगाला कारण नसताना खाज, लघवी गडद, डोळे पिवळे. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी बंद, आणि यकृताची रक्ततपासणी. कावीळ झाली म्हणून दुसरं काष्ठौषध सुरू करू नका.

फिट्सची औषधं. शंखपुष्पीचं सिरप 'निरुपद्रवी' म्हणून मुलांना सर्रास देतात. फेनिटोइन हे फिट्सचं औषध घेणाऱ्यांमध्ये अशा सिरपमुळे रक्तातली फेनिटोइनची पातळी घसरते आणि आटोक्यात असलेल्या फिट्स पुन्हा येऊ शकतात. यावरचं काम 1992 सालीच प्रसिद्ध झालंय. शिवाय शंखपुष्पी नावाखाली कुठे कॉन्व्हॉल्व्हुलस, कुठे विष्णुक्रांता, कुठे चक्क गोकर्ण. आणि सिरपमध्ये साखर किती आहे तेही वाचा.

झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या आणि दारू यांबरोबर तगर, जटामांसी, अश्वगंधा यांची गुंगी एकावर एक चढते. सकाळी दुचाकी चालवणाऱ्यांनी विशेष जपावं. मधुमेह आणि रक्तदाबाच्या औषधांबरोबर साखर-दाब आणखी खाली जाऊ शकतो. गरोदरपणात यातलं काहीही नको. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी थांबवा आणि भूलतज्ज्ञांना सांगा, 'ते काय औषध थोडंच आहे' म्हणून गाळू नका.

चालू असलेली डॉक्टरांची गोळी स्वतःच्या मनाने बंद करून तिच्या जागी यातलं काही सुरू करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

वाळवंटकर

परदेशातल्यांसाठी दोन ओळी. डेन्मार्कमध्ये 2023 पासून अश्वगंधेवर बंदी आहे, तिकडे जाताना डबी घरीच ठेवा. आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणं गुन्हा आहे. झोपेसाठी खसखशीच्या दुधाचं वाटण आईने प्रेमाने डब्यात भरून दिलं तरी ते विमानतळापुढे नेऊ नका. खसखस भाजलेली असो, वाटलेली असो, लाडवातली असो, फरक पडत नाही.

सहाण

जायफळ कोणीच काढलं नाही? घराघरातलं पहिलं झोपेचं औषध तेच.

कारिवणा

@सहाण, तुमच्या नावातच उत्तर आहे. जायफळ सहाणेवर उगाळून घेण्याची रीत आहे, ती मात्रेच्या दृष्टीने अगदी शहाणपणाची. दुधात चार-पाच वेढे म्हणजे काही मिलिग्रॅम, सुरक्षित. घोटाळा होतो तो किसणी आणि मिक्सरने. एक मध्यम जायफळ 5 ते 7 ग्रॅम भरतं, आणि 5 ग्रॅमच्या आसपास मिरिस्टिसिनची (जायफळातल्या द्रव्याची) बाधा दिसू लागते: तोंडाला कोरड, धडधड, उलटी, भास. परिणाम सुरू व्हायला तीन ते सहा तास लागतात. 'अर्ध्या तासात झोप आली नाही' म्हणून पुन्हा किसून घालतात आणि दोन्ही मात्रा पहाटे एकदम चढतात. पूड वापरायचीच तर मोठ्या माणसाला दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढीच, रात्री एकदा. तान्ह्या बाळाला झोप यावी म्हणून वेढे वाढवणं तर अजिबात नको. गुटीत वेखंडही असतं, आणि त्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य आहे, तिथेही हात आखडताच हवा.

पाटा_वरवंटा

आणि सर्पगंधा? ऑनलाइन 'सर्पगंधा घनवटी, मन शांत' म्हणून दिसते, परीक्षणं पाच-पाच ताऱ्यांची.

गोळीबंद

ती या यादीतली नाहीच. सर्पगंधा रक्तदाबाचं औषध आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावरचं काम प्रसिद्ध केलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. 1952 साली तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं गेलं. रेसरपीन मेंदूतल्या सेरोटोनिन, डोपामिनचे साठे रिकामे करतं. माणूस शांत दिसतो खरा, पण काहींमध्ये तो उदासीनतेत जातो. नाक चोंदणं, नाडी मंदावणं, आम्लपित्त वाढणं, दाब फार उतरणं हे वेगळंच. आधीच मन खचलेल्या माणसाला 'शांत' करायला हे द्यावं, यापेक्षा वाईट निवड सुचत नाही. मिश्रणाच्या गोळ्या घेताना घटकांच्या यादीत राउवोल्फिया (सर्पगंधेचं शास्त्रीय नाव) हा शब्द शोधा. बऱ्याचदा तो तळाशी बारीक अक्षरांत असतो.

तसंच 'हर्बल' गमीजचं. मागे वळवून पाहिलं की मेलाटोनिन सापडतं. ते वनस्पती नाही, संप्रेरक आहे. झोप आली तर श्रेय त्याचं, चित्र मात्र डबीवर कॅमोमाइलच्या फुलाचं.

सहाण

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: लागू पडतंय की नाही हे ठरवायचं कसं आणि कधी?

खलबत्ता

एका वेळी एकच वनस्पती. तीन एकदम सुरू केल्या तर गुण कुणाचा आणि पोट कुणामुळे बिघडलं, दोन्ही कळत नाही. सुरू करण्याआधी एक आठवडा नुसती नोंद करा: अंथरुणाला पाठ कधी टेकली, झोप कधी लागली, रात्रीत कितीदा जाग आली, दुपारनंतरचा चहा किती. हा चहाचा रकाना भरतानाच काहींचा प्रश्न सुटतो, डबी घ्यावीच लागत नाही.

मग अश्वगंधा असेल तर आठ आठवडे, बॅकोपा असेल तर बारा. त्या मुदतीनंतर दोन आठवडे बंद ठेवून नोंद चालू ठेवा. बंद केल्यावरही आकडे तसेच राहिले तर ती डबी पुन्हा घेऊ नका. तीन महिन्यांपलीकडे सलग घ्यायची असेल तर वैद्यांना दाखवून, आणि यकृत-थायरॉइडची तपासणी करून.

आणि रोज छाती धडधडून जाग येत असेल, भूक गेली असेल, कामात लक्ष लागेनासं होऊन पंधरवडा उलटला असेल, तर आठ आठवड्यांची वाट बघू नका. आधी डॉक्टरांकडे जा, डबी नंतर.

पाटा_वरवंटा

चहाच्या रकान्यापाशीच अडकलोय. संध्याकाळचे तीन कप. चालू द्या.

खलबत्ता

चारनंतरचे दोन बंद करून आठवड्याने इथेच आकडे टाका. तगराला पाणी घालत राहा, फुलांपुरतं.